ताई, हाई घर लेवानं नई

खान्देशात घर घ्यायचं म्हटलं की वडीलधारा माणूस पहिला सल्ला देतो तो दलालापासून लांब राहण्याचा. "मधल्या माणसाच्या नादी लागू नका, ओळखीतून पाहा." हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि हा सल्ला कुठून येतो तेही मला नीट माहीत आहे. माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, कापसाचं. खेडा खरेदीला आलेला व्यापारी अंगणात काटा लावायचा, कापूस मुठीत दाबून 'ओल आहे' म्हणायचा आणि भाव तिथल्या तिथे उतरायचा. सासर रावेरकडचं, केळीचं. तिथे बऱ्हाणपूरचा भाव सकाळी कळतो, पण बागेत गाडी उभी राहिल्यावर हातात पडतो तो वेगळाच. ज्यांच्या तीन-तीन पिढ्यांनी असा मधला माणूस पाहिला, त्यांनी त्याच्यापासून जपून राहावं यात नवल काय?

पण शेतातला हा अनुभव आपण शहरात जसाच्या तसा आणतो आणि तिथे तो आपल्याला नडतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे. कापूस आपण दर वर्षी विकतो. माल आपल्या हातचा असतो. ओल किती, धागा कसा, हे आपल्याला व्यापाऱ्याइतकंच कळतं, फक्त आपलं चालत नाही. घर मात्र आपण आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो आणि त्यातलं जे काही जाणण्यासारखं आहे ते सगळं विकणाऱ्याला माहीत असतं. भिंतीत काय आहे, कागदात काय आहे, भावाभावांत काय आहे. घेणाऱ्याच्या बाजूने हे जाणणारा कुणी नसेल तर घेणारा एकटा पडतो, मग त्याच्यामागे गोतावळा कितीही मोठा असो.

आणि गोतावळ्याचाच तर खरा प्रश्न आहे. ओळखीतून घर पाहायला गेलं की 'नाही' म्हणता येत नाही. मामेसासऱ्यांच्या साडूंचं घर असतं. चहा होतो, फराळ होतो, जुन्या लग्नांच्या आठवणी निघतात. मग सातबारा किंवा मालमत्ता पत्रक मागायला तोंड उघडत नाही. मागितलंच तर, "आमच्यावर भरवसा नाही का?" हे एक वाक्य पुरतं. ज्या कागदावर पुढची वीस वर्षं कर्जाचे हप्ते भरायचे, तो कागद बघायला मागणं म्हणजे नात्याचा अपमान ठरतो. परक्या माणसाला आपण पैसे देऊन कामाला लावतो, तेव्हा तो आपल्या वतीने हे सगळं निर्धास्त मागू शकतो. त्याच्या मागण्याचं कुणाला वाईट वाटत नाही, कारण ते त्याचं कामच असतं.

जळगावात आम्ही घर शोधत होतो तेव्हा असेच एक नाना भेटले. साठी ओलांडलेले, पिंप्राळ्याचे. त्यांच्या घरची शेती शहर वाढत आलं तशी प्लॉटमध्ये गेली आणि स्वतःच्याच शेताचे तुकडे विकताना ते या धंद्यात आले. मी अमळनेरची म्हटल्यावर माझ्याशी ते अहिराणीतच बोलायचे. ह्यांच्याशी साध्या मराठीत, कारण ह्यांची बोली तावडी आणि दोघांनाही आपलीच गोड वाटणार.

एक फ्लॅट आम्हाला फार आवडला होता. रिंग रोडच्या पलीकडे, वरच्या मजल्यावर, मोठ्या गॅलरीचा. मालकांनी सकाळी दाखवला होता तेव्हा वारा छान येत होता. नाना म्हणाले, दुपारी चारला जाऊ. मे महिना होता. जळगावचा मे ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि रस्त्यावर कुत्रंही नसतं. आम्ही गेलो. नानांनी बैठकीच्या खोलीत सतरंजी टाकायला लावली, पंखा सुरू केला आणि आम्हाला नुसतं बसवून ठेवलं. बोलले काहीच नाहीत. वरून स्लॅब तापलेला, पश्चिमेची अख्खी भिंत उघडी, शेजारी सावलीला दुसरी इमारत नाही की झाड नाही. पंखा गरम हवा खाली ढकलत होता. थोड्या वेळाने ते उठले, भिंतीला तळवा लावला, मलाही लावायला सांगितला. मग म्हणाले, "ताई, हाई घर लेवानं नई." हे घर घ्यायचं नाही.

आपल्याकडे जुनी घरं धाब्याची. लाकडी सरे, त्यावर काटक्या-पाला, वर खारी माती. ती घरं जाड भिंतींची आणि बुटक्या खिडक्यांची का होती हे त्या दुपारी मला जसं कळलं तसं आधी कळलं नव्हतं. आपण सिमेंटच्या स्लॅबलाही अजून 'धाबं' म्हणतो आणि उन्हाळ्यात त्यावर गाद्या टाकून झोपतो, पण दिवसभर त्याच्याखाली राहायचं असतं हे घर बघताना लक्षात राहत नाही. वर्षातले तीन महिने ज्या गावात उन्हाशी सामना आहे, तिथे घर उन्हातच बघितलं पाहिजे. ही गोष्ट जाहिरातीत नसते, आर्किटेक्टच्या नकाशात उत्तर दिशेचा बाण असला तरी तो आपल्याला वाचता येत नाही.

तो फ्लॅट विकला गेला असता तर नानांना दोन्हीकडून दलाली मिळाली असती. मालकाची घाई होती, आमचा होकार झाल्यातच जमा होता. त्यांनी तो सौदा स्वतःच्या तोंडाने मोडला. त्या दिवसापासून मी त्यांचं ऐकायला लागले.

दुसरं एक घर बंगलेवजा होतं, रंग ताजा, फरशी चकचकीत. नानांनी रंगाकडे पाहिलंच नाही. खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरप्या गेलेल्या एका रेषेवरून बोट फिरवलं. लांबी भरून वर रंग दिला होता, पण रेष पुन्हा उमटली होती. मग आतल्या दाराची चौकट बघितली, दार दोन-तीनदा उघडून लावलं. तापीच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला जितकी चांगली तितकी पायाला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि शेतात जशा भेगा पडतात तसं घराखालीही होतं. पाया त्या मातीतून खाली मुरमापर्यंत नेला नसेल तर घर दर वर्षी थोडं उचलतं, थोडं बसतं. त्या भागात मुरूम कुठे वर लागतो आणि कुठे खोल, हे नानांना पाठ होतं. कारण त्या कॉलनीच्या जागी त्यांनी ज्वारी पाहिली होती, विहिरी खणताना पाहिल्या होत्या. शेजारच्याच गल्लीत थांबून त्यांनी हाताने दाखवलं, नाला इथून जायचा. आता तिथे ले-आऊटची ओपन स्पेस आणि दोन रो-हाऊस आहेत. मोठा पाऊस झाला की पाणी जुनी वाट शोधत येतं, असं तिथल्या एका बाईंनी आम्हाला आपणहून सांगितलं.

ही माहिती कुठल्याही ॲपवर नाही. फोटो आहेत, चौरस फूट आहेत, पूर्वमुखी-पश्चिममुखी आहे, जवळची शाळा किती अंतरावर तेही आहे. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, आलं तर कोणत्या गल्लीच्या टोकापर्यंत जोर टिकतो, बोअर उन्हाळ्यात कधी बसते, हे एखाद्या भागात वर्षानुवर्षं घरं विकणाऱ्यालाच माहीत असतं. तो दर वेळी सांगेलच असं नाही, पण माहीत त्यालाच असतं.

आता ज्या घराबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे त्याकडे येते. ते जुन्या जळगावाच्या बाजूचं, दोन भावांचं घर. वडिलांनी बांधलेलं. वडील वारले, मालमत्ता पत्रकावर दोन्ही भावांची नावं लागली, आता विकून वाटणी करायची होती. किंमत आमच्या आवाक्यातली, ओटा मोठा, मागे परसू. मी मनातल्या मनात तिथे तुळस लावलीसुद्धा होती. कागद पाहताना नानांनी भावांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि पोरी?" मोठा भाऊ म्हणाला, बहिणींचं काही नाही, त्या कधीच्या दिल्या घरी गेल्या, लागली तर सही देतील.

नानांना त्या दोघी बहिणी माहीत होत्या. एक चोपड्याला दिलेली, दुसरी सुरतेला. आपल्याकडे माणसं कामासाठी सुरत-उधन्याला गेली ती तिथलीच झाली, तशीच ती. आखाजीला त्या घरासमोरच्या लिंबाला झोका बांधला जायचा आणि त्या दोघी त्यावर असायच्या, हे नानांनी पाहिलेलं होतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशातल्या सासुरवाशिणीचा हक्काचा सण. दिवाळीला नाही आली तरी चालेल, आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. तर नानांना एवढंही माहीत होतं की सुरतेची बहीण आता आखाजीला येत नाही.

१९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासून, वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित मालमत्तेतही २००५च्या दुरुस्तीने तिला मुलासारखाच जन्मापासूनचा हक्क मिळाला आणि वडील त्या वेळी हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. पत्रकावर नाव लागलं नाही म्हणून हक्क संपत नाही. बहिणीला तो सोडायचा असेल तर तसं हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, आणि मनाने सोडायचा असतो. हे सगळं नानांनी भावांना शांतपणे सांगितलं. "देणार आहेत ना सही? मग आधी घ्या, नंतर इसार." भाऊ चिडले. आम्हाला परस्पर फोन आला की दलालाला बाजूला ठेवा, दलालीचे पैसे किमतीतून कमी करतो.

मी स्वतः भावाला सही दिलेली बहीण आहे. अमळनेरच्या शेतावरचा हक्क मी सोडला आहे, आनंदाने सोडला आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आज काही किंतु नाही. पण माझा भाऊ माझ्या घरी आला होता. त्याने मला सातबारा दाखवला, शेत किती, भाव काय, माझा वाटा किती होतो ते सांगितलं आणि मग विचारलं. मला विचारलं होतं, म्हणून मी देऊ शकले. ज्या बहिणीला विचारलंच नाही, तिच्या वाट्याच्या खोलीत मी पलंग टाकून झोपले असते, आणि मला ते कधी कळलंही नसतं. पुढे कोर्टाची नोटीस आली असती की नसती, हा नंतरचा भाग. नानांनी मला खटल्यापासून वाचवलं हे खरं आहे, पण त्याहून जास्त त्यांनी मला त्या सुरतेच्या बाईच्या घरात शिरण्यापासून वाचवलं, असं मला वाटतं. आम्ही ते घर सोडलं.

वकील हे सांगू शकला नसता का? वकिलाचा सर्च रिपोर्ट घ्यायलाच हवा. नानांनीच आम्हाला तो घ्यायला लावला, आणि वकील त्यांच्या ओळखीचा नको, आमचा असू दे, असं निक्षून सांगितलं. वकील तीस वर्षांचे व्यवहार तपासतो, फेरफार म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी बघतो, उताऱ्यावरच्या इतर हक्कात कुठला बोजा आहे का ते पाहतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. पण तो कागदावर जे आहे ते वाचतो. बहिणींची नावं कागदावर आलेलीच नव्हती. बँकही कर्ज देताना कागद आणि किंमत तपासते, ती बँकेच्या पैशाच्या सुरक्षेपुरती. घरातून कोण गाळलं गेलं आहे हे गल्लीत वावरणाऱ्या माणसाला कळतं.

प्लॉटच्या बाबतीत तर अशा माणसाची गरज आणखी जास्त. हायवे चौपदरी झाला तसे जळगाव, धुळे, नंदुरबार, सगळीकडे गावाबाहेर चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट दिसू लागले. स्वस्त असतात आणि पगारदार माणसाला मोह पडतो. त्यातले अकृषिक परवानगी आणि मंजूर ले-आऊट असलेले कोणते आणि शेतजमिनीचेच गुंठे पाडून विकलेले कोणते, हे रेघांवरून कळत नाही. १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने ठरवलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडा शेती विभागातल्या जमिनीतून असा विकता येत नाही, म्हणून मग एका सातबाऱ्यावर दहा-पंधरा जणांची नावं सामाईक चढवलेली असतात. आपलं नाव दिसतं, पण आपला प्लॉट कागदावर कुठेच नसतो. २००१चा गुंठेवारी कायदा असे जुने प्लॉट नियमित करण्यासाठी आला, त्या नियमांत नंतर बदलही झाले, पण नियमित होईल या आशेवर नवा प्लॉट घेणं वेगळं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून घर विकणारेही भेटतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नाही.

आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याला शहाद्याजवळ जागा घ्यायची होती, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी. तिथल्या एजंटाने चालू सातबारा बाजूला ठेवून जुने फेरफार काढायला लावले आणि मूळ खातेदाराच्या नावावर बोट ठेवलं. जमीन आदिवासी कुटुंबाची होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ नुसार अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. मधे दोन-तीन खरेदीखतं झालेली असली तरी मूळचा दोष धुतला जात नाही. नंदुरबार जिल्ह्यात, साक्री-शिरपूरकडे, आमच्या यावल-चोपडा-रावेरच्या सातपुड्याच्या पायथ्याला हा प्रश्न पावलोपावली आहे. कायदा योग्यच आहे. ज्यांच्या जमिनी कवडीमोलाने गेल्या त्यांच्यासाठी तो केलेला आहे. तो एजंट सहकाऱ्याला म्हणाला, मी ही जागा विकत नाही आणि तुम्ही दुसऱ्याकडूनही घेऊ नका.

शेवटी आम्ही घेतलं ते घर महाबळच्या बाजूला, जुनं पण घट्ट. मालक निवृत्त जोडपं, मुलाकडे पुण्याला निघालेलं. त्यांची किंमत आणि आमची किंमत यांत बरंच अंतर होतं. मला वाटत होतं, समोरासमोर बसू, मोकळं बोलू, तुटेल. नानांनी बसूच दिलं नाही. मधे बरेच दिवस ते कुणाकडेच फिरकले नाहीत. आम्ही फोन केला की म्हणायचे, घाई नई करो.

घराचा ताबा घेतला त्या दिवशी आजींनी चहा केला तेव्हा खरी हकिगत कळली. आमच्या थोरल्या दिरांनी घर बघताना मोरीबद्दल आणि जुन्या वायरिंगबद्दल जे तोंडाला येईल ते बोलून टाकलं होतं. नानांनी त्यातला एक शब्द आजी-आजोबांच्या कानावर घातला नव्हता. ते फक्त म्हणाले होते की वायरिंग बदलायचा खर्च मोठा आहे, तेवढं बघा. आजोबा तिकडे रागाने म्हणाले होते, "परवडत नसेल तर फुकट रडत बसू नका म्हणावं." ते आमच्यापर्यंत आलंच नाही. आमच्याकडे आलं ते एवढंच, की त्यांना दिवाळीपर्यंत राहू दिलं तर ते किमतीत उतरतील. आम्हाला दिवाळीपर्यंत थांबायला काहीच हरकत नव्हती. दोन रागावलेली घरं आणि मधे हा एक माणूस, त्याने एका घराचा राग दुसऱ्या घरात नेला नाही. आम्ही समोरासमोर बसलो असतो तर पहिल्या दहा मिनिटांत उठलो असतो. ज्या घरात त्यांचे नातू रांगले त्याची किंमत ते सांगत होते आणि आम्ही वायरिंगची. एका टेबलावर ती दोन गणितं जुळणारी नव्हती.

जोडप्याच्या एका नातलगाने थोडी रक्कम रोखीने मागितली, खरेदीखतात कमी दाखवू म्हणाला. नानांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही आणि दंड तेवढ्याच रकमेचा असतो. म्हातारपणी आजोबांच्या मागे हे कशाला लावता? पूर्ण रक्कम बँकेतून गेली. खरेदी माझ्या एकटीच्या नावावर करा, हेही त्यांनीच सुचवलं. स्त्रीच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती वाचली. त्यांना द्यायची दलाली साधारण तेवढीच होती. सासऱ्यांना मी हा हिशेब मुद्दाम दाखवला. ते केळीचे शेतकरी, त्यांना हिशेब पटला. नानांबद्दल काही बोलले नाहीत, पण पुढे वास्तुशांतीला नानांना स्वतः पानावर बसवलं.

सगळे दलाल नानांसारखे नसतात, हे मला सांगायची गरज नाही. आम्हालाही असे भेटले की ज्यांनी घरात पाऊल टाकताच "आजच टोकन द्या, उद्या दुसरी पार्टी येते आहे" सुरू केलं. मधल्या माणसाचं पोट सौदा होण्यावर आहे, सौदा मोडण्यावर नाही, ही या धंद्याची मुळातली अडचण आहे आणि ती चांगल्या स्वभावाने पूर्ण सुटत नाही. शिवाय तो बहुधा दोन्ही बाजूंकडून घेतो. म्हणून त्याला पहिल्याच भेटीत सरळ विचारावं की दलाली कोणाकडून किती घेणार, आणि ती कागदावर घ्यावी. यात लाजण्यासारखं काही नाही. चांगला एजंट उलट खूश होतो.

कायद्याचा आधार आता पूर्वीपेक्षा बरा आहे. २०१६चा रेरा कायदा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारा कायदा, १ मे २०१७पासून पुरता लागू झाला. त्याखाली नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावीच लागते, आणि न नोंदलेला प्रकल्प त्याने विकायचा नाही. मोडलं तर दिवसाला १० हजार रुपये दंड, वाढत वाढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. महारेराने, म्हणजे त्यासाठीच्या राज्याच्या प्राधिकरणाने, तर एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. महारेराच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक तपासता येतो. पण आमच्याकडे एक मोठी फट राहते. जागा ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे आणि जळगाव-धुळ्यासारख्या गावांतल्या पुष्कळ लहान इमारती त्यात बसतात. जुन्या घरांची फेरविक्री तर बाहेरच राहते. नानांच्या धंद्याचा बहुतेक भाग असाच, जिथे कायदा पोचत नाही आणि माणसाच्या शब्दावरच चालतं. म्हणून तर माणूस पारखून घ्यायला हवा.

कसा पारखायचा, हे आमच्या भाच्याने मला गेल्या महिन्यात विचारलं. तो पुण्यात नोकरीला आहे आणि त्याला आईवडिलांसाठी धुळ्यात घर घ्यायचं आहे. सुरुवातीला त्याचं म्हणणं होतं, "मामी, सगळं ऑनलाइन दिसतं, दलाल कशाला?" मी त्याला एवढंच सांगितलं की जो कुणी एजंट भेटेल त्याला पहिल्यांदा हे विचार, या भागातलं कोणतं घर तुम्ही गिऱ्हाइकाला घेऊ दिलं नाही, आणि का.

तो तिघांना भेटून आला. एकाने हसण्यावारी नेलं. दुसऱ्याने देवपुरातल्या आपल्या नव्या स्कीमचं माहितीपत्रक पुढे केलं. तिसरा खुर्ची ओढून बसला आणि सांगत राहिला. पांझरेच्या काठचं एक घर, पुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं त्यासकट. गल्लीतलं एक जुनं घर, ज्याच्या खालच्या खोलीत जुना भाडेकरू आहे आणि भाडे नियंत्रण कायद्याखाली त्याला सहज उठवता येणार नाही, पण जाहिरातीत घर 'मोकळं' म्हटलं आहे. आणखी एक, ज्याच्या दोन भावांचा कोर्टात दावा चालू आहे. भाचा आता त्याच्याबरोबर घरं बघतो आहे. दलाली किती ते दोघांनी आधीच लिहून ठेवलं आहे, आणि वकील भाच्याने स्वतःचा वेगळा लावला आहे.